वीज कंट्रोल रूमच्या भिंतीवर कोणते स्क्रीन, कसे? समजून घ्या

अंजनगाव सुर्जीतल्या पानमळ्यात पंप सुरू होतो, तेव्हा त्यामागच्या वीज जाळ्यावर चोवीस तास नजर असते. राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला, तर विदर्भासाठीचे केंद्र नागपुरात अंबाझरीला आहे.

स्क्रीन चुकला तर काय होते?

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेतील ओहायोत एका वीज कंपनीची अलार्म यंत्रणा बंद पडली. तासाभराहून जास्त वेळ ऑपरेटरना पत्ताच नव्हता. बिघाड पसरत गेला आणि अमेरिका-कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

मग काय पाहावे?

• भिंतीवर मोजकेच: जाळ्याचा नकाशा, ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवी ती फ्रिक्वेन्सी आणि चालू अलार्म. बाकी तपशील टेबलावरच्या मॉनिटरवर.

• घरचा टीव्ही नको: तोच नकाशा सतत दिसला तर ओएलईडी स्क्रीनवर कायमचा डाग पडू शकतो. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेले एलसीडी किंवा एलईडी पॅनेल घ्यावे.

• अंतर मोजा: शेवटच्या खुर्चीवरून आकडा वाचता यावा. दोन पॅनेलच्या जोडावर आकडा येऊ नये. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडू नये.

• लाल रंग फक्त धोक्यासाठी: सगळेच लाल असेल, तर खरा अलार्म नजरेतून सुटतो.

• शेवटच्या अपडेटची वेळ: ती दिसलीच पाहिजे. नाहीतर गोठलेला स्क्रीन ‘सगळे ठीक’ असल्यासारखाच दिसतो.