केपीआयटी कुणाच्या रांगेत बसवायची?

केपीआयटी टेक्नॉलॉजीजचा शेअर महाग की स्वस्त, असं कुणी विचारलं की मी आधी तिला कुणाशेजारी बसवायचं ते ठरवतो. या पुण्याच्या कंपनीचा धंदा एकच, मोटारींसाठीचं सॉफ्टवेअर. आयटीचं बाकीचं काम 2019मध्ये बिर्लासॉफ्टकडे गेलं. टाटा एल्क्सी, टाटा टेक्नॉलॉजीज आणि एलटीटीएस (एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस) ही नावं तिच्याबरोबर सरसकट लावली जातात. पण एल्क्सी टीव्ही प्रसारणाचं आणि वैद्यकीय उपकरणांचंही काम करते, तर एलटीटीएसमध्ये वाहन हा अनेक विभागांपैकी एक. म्हणून पी/ईचा, म्हणजे भाव आणि प्रतिशेअर नफा यांच्या गुणोत्तराचा, रकाना भरण्याआधी मी वार्षिक अहवाल मागून, टीपांपासून वाचायला घेतो.

2023-24चे आकडे घ्या. केपीआयटीचा महसूल सुमारे 4,870 कोटी, निव्वळ नफा 600 कोटींच्या आसपास. एल्क्सीचा महसूल सुमारे 3,550 कोटी, नफा मात्र 790 कोटी. एवढ्यावरच एल्क्सी सरस ठरवणारे पुष्कळ भेटतात. मला हा फरक येतो कुठून ते हवं असतं. पहिला संशय केपीआयटीनं 2022मध्ये घेतलेल्या म्युनिकच्या टेक्निका इंजिनिअरिंगवर जातो, कारण अशा खरेदीनंतर अमूर्त मालमत्ता दरवर्षी थोडी थोडी नफ्यातून वजा होत राहते. म्हणून व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा महसुलाच्या किती टक्के, ते काढून पाहतो. केपीआयटी 20 टक्क्यांच्या थोडी वर, एल्क्सी साडेएकोणतीसच्या जवळ. दरी नऊएक टक्क्यांची राहतेच. म्हणजे मुख्य कारण घसाऱ्यात नाही, काम कुठे बसून होतं त्यात शोधायचं. एल्क्सीचं बहुतांश काम भारतातून चालतं आणि पगाराचा खर्च तिथेच आटोक्यात राहतो.

टाटा टेक्नॉलॉजीजच्या अहवालात मी ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ या तक्त्यावर सर्वांत जास्त वेळ थांबतो. नोव्हेंबर 2023मध्ये 500 रुपयांना आलेला हा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर बंद झाला, पण त्या उत्साहात हा तक्ता फारसा कुणी वाचला नसावा. टाटा मोटर्स तेव्हा इथे प्रवर्तकही होती आणि ग्राहकही. तिचीच जग्वार लँड रोव्हरही मोठी ग्राहक. शिवाय आयटीआय अद्ययावत करण्याच्या सरकारी कामांचा महसूलही एकूण आकड्यात मिसळलेला असतो. तो बाजूला काढल्याशिवाय केपीआयटीशी तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे.

भाव मी यानंतर बघतो. केपीआयटीला बाजार जो चढा पी/ई देतो, तो या एकाच धंद्यासाठी. युरोपातल्या एखाद्या मोटार कंपनीनं नवं मॉडेल लांबणीवर टाकलं, की तो फटका झेलायला केपीआयटीकडे दुसरा धंदा नाही.