हौसेची शेती, शेजाऱ्याचे पाणी

पुणे-सोलापूर रस्त्यावरील भांडगावसारख्या गावांच्या आसपास शहरवासीयांनी हौसेखातर शेती करावी, यात गैर काही नाही. वीस-तीस गुंठे जमीन, टुमदार घर, भोवती आंबा-चिकू. मातीशी तुटलेले नाते त्यातून जुळत असेल, तर त्याचे स्वागतच व्हावयास हवे. प्रश्न आहे तो पाण्याचा. दौंड तालुका पर्जन्यछायेतला. कालव्याचे पाणी आवर्तनाने यायचे आणि त्यावर पुणे शहराचाही हक्क. अशा ठिकाणी हिरवळीच्या हट्टापायी विंधनविहीर खोल खोल नेली, की शेजारची विहीर आटते. हौशी बागाइतदाराचा त्यात रविवार बुडतो. शेजाऱ्याचे मात्र वर्ष बुडते. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालणारा भूजल अधिनियम २०१३ मध्ये झाला. परंतु कायद्याआधी विवेक हवा.

ऋतुचक्र हा विवेक शिकविते. वैशाखात बांधबंदिस्ती उरकावी, ज्येष्ठात छपराच्या पन्हळी टाकीला जोडाव्यात, आषाढात सीताफळ, बोर, आवळा यांसारखी काटक रोपे लावावीत, दिवाळीनंतर आळ्यांत पाचटाचे आच्छादन घालावे. आपल्या छपरावर आणि बांधात पडलेले पाणी अडवून जो बाग राखील, त्याचीच हौस गावाला परवडेल.