खामनूचा भाऊ

मणिपुरात मोइरांगची म्हणून जी गोष्ट सांगतात ती खांबा आणि थोइबीची. खांबा पोरका, फाटका, पण अंगात अचाट बळ. थोइबी राजाची पुतणी. सांगणारे खांबाच्या कुस्तीत, बैलात, वाघात रमतात. मी मात्र दरवेळी त्याच्या थोरल्या बहिणीपाशी अडकते. खामनू तिचं नाव. आईबाप गेल्यावर मोलमजुरी करून, प्रसंगी चार घरी मागून तिनं या भावाला वाढवलं. ती नसती तर पराक्रम करायला खांबा उरलाच नसता.

मोइरांग इंफाळच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर, लोकताक सरोवराच्या काठी आहे. आपल्याला ते आझाद हिंद सेनेमुळे ठाऊक असतं. १९४४ च्या एप्रिलमध्ये तिथं तिरंगा फडकला. त्याच्या कितीतरी आधी हे स्वतंत्र राज्य होतं. मैतेईंच्या सात कुळांपैकी एक मोइरांगांचं, पुढे इतर कुळांप्रमाणे तेही निंगथौजा राजांच्या अंमलाखाली गेलं. ग्रामदैवत थांगजिंग मात्र जागचा हलला नाही. त्याला आजोबाच्या नात्यानं ‘इबुधौ’ म्हणतात. त्यानंच एका जोडप्याला पुन्हापुन्हा जन्माला घालून मोइरांगात प्रेम करायला आणि ताटातूट सोसायला लावलं, अशी श्रद्धा आहे. जन्म कुणी सात सांगतात, कुणी नऊ. धान्यदेवी फौओइबी आणि अकोंगजांबा हे त्यातलंच एक जोडपं. खांबा-थोइबीचा जन्म सर्वांत गाजलेला.

लोकताकवर तरंगत्या गवताची बेटं आहेत, त्यांना फुमदी म्हणतात. कुजलेलं गवत, मुळं आणि माती यांचा तो जाड थर. पाय ठेवला की खालची जमीन जरा दबते आणि पोटात गोळा येतो. गोष्टीत दोघांची पहिली भेट याच पाण्यावर होते. थोइबी मैत्रिणींना घेऊन मासे धरायला निघते, खामनूलाही बोलावते, आणि त्या दिवशी पुरुषांनी सरोवरावर फिरकू नये असं फर्मान निघतं. तरी खांबाची होडी तिथं पोचतेच.

मग नोंगबान येतो. त्यालाही थोइबी हवी असते. खुमान मुलखात काओ नावाचा पिसाळलेला बैल मोकाट फिरत असतो. देवाला तोच बैल हवा आहे आणि खांबा तो धरून आणणार आहे, असं नोंगबान परस्पर दरबारात पसरवतो. नाही म्हणावं तर देवाचा अवमान, हो म्हणावं तर मरण. इथं खामनू भावाला एक गुपित सांगते. हा बैल आपल्या वडिलांच्या कळपातला. त्याला रेशमी दोर दाखव आणि कानात बाबांचं नाव सांग. खांबा तसंच करतो आणि बैल निवतो. बळाच्या गोष्टीतला सर्वांत मोठा विजय असा एका नावावर मिळावा, हे मला फार आवडतं. आणि ते नाव जपून कुणी ठेवलं होतं? खामनूनंच.

पुढे थोइबीला कबॉ खोऱ्यात, म्हणजे आजच्या म्यानमारात, हद्दपार करतात. राजकन्या तिथं लाकूडफाटा गोळा करते, पण मन बदलत नाही. नोंगबान वाघाच्या तोंडी जातो, खांबा वाघाला मारतो आणि लग्न लागतं.

हे कथानक पेनावर गातात. पेना म्हणजे घोड्याच्या केसांचं एकतारी वाद्य, गजानं वाजवायचं. आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्याचं दूरचं भावंड म्हणा. हिजाम अंगांघल (१८९२–१९४३) यांनी याच कथेवर मैतेई भाषेत भलंथोरलं महाकाव्य रचलं.

शेवट मला पटत नाही. लग्नानंतर खांबाला बायकोची परीक्षा घ्यायची हुक्की येते. गावाला जातो म्हणून तो निघतो, रात्री गुपचूप परततो आणि परका असल्यासारखा भिंतीतून काठी आत सारतो. थोइबी भाल्यानं उत्तर देते आणि तो वर्मी लागतो. नवऱ्याचा आवाज ओळखताच तीही त्याच भाल्यानं जीव देते. जिनं याच्यासाठी हद्दपारी सोसली, तिची परीक्षा? मोइरांगच्या लाइ हराओबा उत्सवात थांगजिंगसमोर खांबा-थोइबीचा नाच होतो, त्यात हा प्रसंग नसतो. दोघं नटूनथटून, मंद पावलांनी देवापुढं नाचतात, तेवढंच.