शेपटीकडे चाक असलेले विमान

जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेले, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले आणि पुढे हवाई दलातील कित्येक वैमानिकांनी त्यावरच पहिले धडे गिरवले. त्याची दोन मुख्य चाके पंखांखाली पुढच्या अंगाला आणि एक लहान चाक शेपटीखाली असे. फ्लाइंग क्लबांसाठी बनलेल्या, १९५८ साली प्रथम उडालेल्या पुष्पकाची बैठकही अशीच होती. आज बहुतेक प्रशिक्षण नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर होत असल्याने शेपटीकडे चाक असलेले विमान हाकण्याची विद्या वेगळी शिकावी लागते.

तिची अवघड बाजू आकाशात नसून जमिनीवर आहे. ज्या बिंदूवर विमानाचे सारे वजन एकवटले आहे असे मानतात, तो गुरुत्वमध्य या रचनेत मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे धावताना विमान थोडे तिरके झाले की मागचे वजन आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते आणि तिरकेपणा वाढवत नेते. जू धरून ओढलेली बैलगाडी आपोआप सरळ येते, पण तीच मागे रेटली की बाजूला वळते, तसाच हा प्रकार आहे. वेळीच आवरले नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते आणि पंखाचे टोक जमिनीला घासते. या गिरकीस वैमानिक ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. म्हणून शेपटीवरील उभी हलती फळी, म्हणजे रडर, चालवणारी पेडले पायांनी अखंड, पण हलकेच, दाबत राहणे हाच या शिक्षणाचा गाभा ठरतो, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पायांना विसावा मिळत नाही.

जमिनीवर नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही, म्हणून विमान नागमोडी चालवावे लागते. उतरताना तिन्ही चाके एकाच वेळी टेकवावीत, किंवा आधी मुख्य चाके टेकवून वेग ओसरल्यावर शेपटी खाली येऊ द्यावी, अशा दोन रीती आहेत. आडव्या वाऱ्यात अनेक वैमानिक दुसरी पसंत करतात. एवढे कष्ट घेण्याचे मोल मात्र खरे आहे, कारण नाक उंच असल्याने पंख्याची पाती खडे-गवतापासून दूर राहतात, नाजूक पुढचे चाक खड्ड्यात मोडण्याची भीती उरत नाही आणि कच्च्या पट्टीवरही असे विमान उतरू शकते.