वायरींची भाषा

मोटारीत गाणी वाजवणाऱ्या यंत्राला आपल्याकडे सर्रास ‘टेप’ म्हणतात. आताच्या यंत्रात फीत नसते, ती फिरवणारी चक्रे नसतात, कॅसेट घालायची फटही नसते. शब्द मात्र टिकून आहे. भाषाशास्त्राच्या तासाला अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून तो खुशाल द्यावा. या लेखात मीही टेपच म्हणणार आहे. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला टेप काढून त्या जागी नवा आपल्या हाताने कसा बसवायचा, हा लेखाचा विषय. आमच्या घरच्या जुन्या गाडीतल्या कॅसेटच्या टेपचा रबरी पट्टा सैल पडला होता आणि प्रत्येक गायक दमल्यासारखा गाऊ लागला होता. तेव्हा मी हे काम केले. त्याला विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर आणि एक मोकळी दुपार एवढे पुरते.

जागेचा प्रश्न बहुधा आधीच सुटलेला असतो. डॅशबोर्डातले ते आयताकृती भोक सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. हे माप मूळचे जर्मनांचे. पुढे १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, तरी दुकानात आजही ‘सिंगल डिन’ असेच म्हणतात. पडद्याचे टेप दुप्पट उंचीचे, म्हणजे १०० मिलिमीटरचे; ते ‘डबल डिन’. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मात्र टेप, घड्याळ, गाडीची सूचनायंत्रणा असे सगळे एकाच पडद्यात गुंफलेले असते. तिथे हौशी माणसाने हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. निगेटिव्हच का? गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह सोडवताना पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले तर बॅटरीतला सगळा प्रवाह त्या पान्यातून वाहतो आणि ठिणग्यांचा पाऊस पडतो. निगेटिव्ह आधी सुटलेले असले की पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. काही टेपना चोरीपासून संरक्षण म्हणून सांकेतिक अंक दिलेला असतो आणि वीज तुटली की ते तो मागतात. जुना टेप पुन्हा कधी लावायचा असेल तर तो अंक आधी टिपून ठेवलेला बरा.

भोवतालची प्लॅस्टिकची चौकट खाचांत अडकवलेली असते. ती स्क्रू ड्रायव्हरने उचकटली की ओरखडे कायमचे राहतात. फडके गुंडाळलेला लाकडी कालथा यासाठी फार चांगला. चौकट निघाली की बाजूचे स्क्रू दिसतात. ते काढले की टेप पुढे सरकतो आणि त्याच्या पाठीमागे वायरींचा तो प्रसिद्ध गुंता दृष्टीस पडतो.

इथेच बहुतेकांचे धैर्य गळते. आणि ज्यांचे गळत नाही, ते पिवळीला पिवळी, तांबडीला तांबडी जोडून मोकळे होतात. हे दुसरे अधिक धोक्याचे. नव्या टेपच्या वायरींचे रंग बाजारात बव्हंशी ठरलेले आहेत: पिवळी सतत बॅटरीची, तांबडी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी पत्र्याची, निळी अँटेनाची. स्पीकरच्या चार जोड्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या. जोडीतल्या ज्या वायरीवर काळी रेघ ती निगेटिव्ह. परंतु गाडीच्या कारखान्याला हा संकेत बंधनकारक नाही. प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे. मराठीतली ‘शिक्षा’ आणि हिंदीतली ‘शिक्षा’ दिसायला एकच, पण एक वर्गाबाहेर उभे करते आणि दुसरी वर्गात बसवते. वायरींचेही तसेच. एअरबॅग असलेल्या गाडीत तर एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळेच असतात, आणि त्यांना स्पर्शही करू नये. म्हणून रंग जुळवायचे नाहीत, प्रत्येक वायर काय काम करते ते तिलाच विचारायचे.

विचारायचे कसे? उघडी टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगळी करून बॅटरी पुन्हा जोडावी आणि मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवावा. त्याची काळी सळई पत्र्याला लावून लाल सळईने एकेक वायर तपासावी. किल्ली काढलेली असतानाही जी १२ व्होल्टच्या आसपास दाखवते ती बॅटरीची. किल्ली पहिल्या टप्प्यावर आणल्यावरच जी दाखवते ती दुसरी. टेपला या दोन्ही लागतात. पहिलीने घड्याळ आणि स्टेशनांची आठवण जागी राहते. दुसरीने टेपला उठायचे केव्हा आणि झोपायचे केव्हा ते कळते. दोन्ही बॅटरीलाच जोडल्या तर किल्ली काढली तरी टेप जागाच राहतो, आणि दोन-चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीला धक्का मारण्याची पाळी येते.

स्पीकरच्या वायरी ओळखायला याहून गमतीची युक्ती आहे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यावा आणि जोडीच्या दोन टोकांना क्षणभरच टेकवावा. कुठल्या तरी दारातून ‘खट्’ असा आवाज येतो. जोडी कोणत्या स्पीकरची ते कळले. जाळी काढून पाहिले तर स्पीकरचा कागदी पडदा बाहेर येतो किंवा आत जातो. बाहेर आला तर सेलचे पॉझिटिव्ह ज्या वायरीला, ती पॉझिटिव्ह. एका स्पीकरची जोडी उलटी लागली तर काही जळत नाही, पण एक पडदा हवा ढकलत असताना दुसरा ती ओढत असतो. खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि तबल्याचा डग्गा मुका होतो. पुष्कळ लोक मग स्पीकरलाच दोष देतात.

जुन्या गाड्यांत स्पीकरची निगेटिव्ह वायर कधीकधी पत्र्यालाच जोडलेली आढळते. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यामुळे त्यांतली एकही पत्र्याला लागता कामा नये. टेपमधला ॲम्प्लिफायर निकामी होऊ शकतो. अशा गाडीत स्पीकरपर्यंत नवी वायर ओढण्याला पर्याय नाही.

दोन्ही वायरी जिवंत ठेवण्याचे कारण शक्ती वाढवणे हे होय, आणि इथे खोक्यावरच्या आकड्याचा थोडा हिशेब करण्यासारखा आहे. खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग २०७. त्याला ४ ने भागले की जवळजवळ ५२. हाच तो आकडा! पण हे गणित आवाज पार चिरफाळून कमाल मर्यादेला टेकला असतानाचे. शुद्ध सुराला याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट, ही सैद्धांतिक मर्यादा; प्रत्यक्षात २० च्या आसपास मिळतात. लहान गाडीत ते भरपूर होतात. आकडा वाचून जास्त पैसे मोजू नयेत.

जोड देताना कारखान्याचे कपलर कापू नये. दुकानदार कापून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळून पाच मिनिटांत मोकळा करतो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्डामागे पट्टीचा डिंक पातळ होतो, पट्टी उलगडते आणि उघडी पिवळी वायर पत्र्याला टेकण्याची वाट पाहत बसते. गाडीला योग्य असे जोडकपलर बाजारात मिळते. त्याच्या आणि नव्या टेपच्या वायरी टेबलावर बसून डाखाव्यात आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. टेपमागचा फ्यूज बहुधा तांबडा १० अँपिअरचा किंवा निळा १५ अँपिअरचा असतो. तो उडाला तर तेवढ्याचाच दुसरा घालावा. तांब्याचा तुकडा घालून ‘भागवणारे’ कारागीर मी पाहिले आहेत. फ्यूज टेपचे रक्षण करतो हा गैरसमज आहे. तो वायर तापून पेटू नये म्हणून असतो.

पडद्याच्या टेपला आणखी एक वायर असते, हातब्रेकची. ब्रेक ओढलेला असेल तरच चित्रपट दिसावा अशी ती सोय. ही वायर थेट पत्र्याला जोडली की चालत्या गाडीतही चित्र दिसते, आणि दुकानात न विचारताच तसे करून देतात. मी ती ब्रेकच्या स्विचपर्यंत नेऊन जोडली. घरातल्या धाकट्यांनी त्याबद्दल अजून मला क्षमा केलेली नाही.

सगळे स्क्रू आवळण्यापूर्वी टेप वाजवून पाहावा: आवाज डावी-उजवीकडे, पुढे-मागे फिरवून प्रत्येक स्पीकर आपल्या जागी बोलतो ना ते तपासावे. आणि रेडिओचा प्रदेश कोणता निवडला आहे तेही. अमेरिकेत मध्यम लहरींवरची स्टेशने १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. टेप अमेरिकेवर ठेवलेला असेल तर आकडा ७९० वरून एकदम ८०० वर उडी मारतो. पुणे आकाशवाणी वर्षानुवर्षे लोकांनी ऐकली ती ७९२ वर. प्रदेश बदलला की आकडा ७८३ वरून ७९२ वर येऊन थांबतो.