पेरापेराने धावणारी ब्राह्मी

ब्राह्मी कुंडीत लावू नये, असं माझं ठाम मत आहे. कुंडीत ती जगते, पण काठावरून नुसती लोंबत राहते. जिथे पेर मातीला टेकत नाही तिथे मूळ धरत नाही, आणि मूळ धरलं नाही की वेल दमते. तिला पसरायला जमीनच हवी. कोकणातल्या आमच्या परसात विहिरीच्या अंगाला, सुपारीच्या विरळ सावलीत तिचा वाफा आहे.

ही गोल पानांची ब्राह्मी, म्हणजे मंडूकपर्णी. बारीक मांसल पानांची, ओलाणात वाढणारी जलब्राह्मी वेगळी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात, तेव्हा रोप घेताना पान उलटून बघावं. मंडूकपर्णीच्या पानाला कडेने बोथट दाते असतात आणि देठ जिथे जुळतो तिथे खोल खाच असते. देठ पानाच्या बरोबर मधोमध चिकटलेला दिसला, तर ते शोभेचं हायड्रोकॉटाइल. दोघींत सारखेपणा इतका, की लिनियसने १७५३ साली मंडूकपर्णीलाही हायड्रोकॉटाइलमध्येच घातलं होतं.

लावणी आषाढात, पाऊस चांगला मुरल्यावर. खोल खणायचं कारण नाही. वरच्या तीन-चार इंचांत कुजलेलं शेणखत मिसळलं की पुरे. जुन्या वेलीचे तुकडे घ्यायचे, प्रत्येकाला मुळं फुटलेलं एक तरी पेर हवं. वीत-वीत अंतरावर ते पेर मातीत दाबायचं आणि दोरा वर मोकळा ठेवायचा. सगळी वेल गाडली तर संततधारेत ती कुजते.

महिन्याभराने एखादा दोरा हलकेच उचलून बघण्यासारखा असतो. पेरांच्या मधला भाग लालसर, गुळगुळीत आणि ताणलेला. मागच्या पेरांशी पांढऱ्या मुळांचा झुबका मातीत घट्ट बसलेला, वर दोन-तीन पानं उघडलेली. पुढच्या पेराशी मुळांची नुसती टोकं दिसतात, पान अजून मिटलेलं. आणि सर्वांत पुढचं टोक कोवळं, हिरवट, मातीपासून जरा उचललेलं. मागची पेरं स्वतःची मुळं धरून बसलेली असतात, म्हणून मधला दोरा तुटला तरी वेल मरत नाही. एकीच्या दोन होतात. फुलं मात्र शोधावी लागतात. पानांच्या खाली, मातीलगत, दोन-तीनच्या गुच्छात, जांभळट गुलाबी आणि अगदी इवलीशी.

खरं काम आहे ते बेणणीचं, आणि तेही पहिल्या पावसाळ्यात. पानांनी जमीन झाकेपर्यंत लव्हाळा आणि आंबुटी तिच्या आधी जागा धरतात. लव्हाळा नुसता उपटला तर गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते; खुरप्याने माती सैल करून गाठीसकट काढावा लागतो. आंबुटी तर ब्राह्मीसारखीच पेरापेराला मुळं सोडते, म्हणून तिचा दोरा बोटांत धरून शेवटपर्यंत सोडवत जायचं. हे काम बसून, हाताने आणि सावकाशच करायला हवं. एकदा पानाला पान भिडलं की तणाचा जोर आपोआप ओसरतो.

मी वाफ्याला चिऱ्यांची कड घातली होती. ब्राह्मीने ती मानली नाही. कार्तिकापर्यंत वरचा कोपरा विरळ झाला आणि पाटाच्या कडेला हिरवी गादी पसरली. परसात पाणी नेमकं कुठे मुरतं, ते मला तिच्यामुळे कळलं. मग चिरेच हलवले. उन्हाचंही तसंच. उघड्यावर पान लहान, जाड आणि देठ आखूड. सावलीत तोच देठ वीतभर लांबतो आणि पान रुंद होतं. दोन्हींच्या मधली, सकाळच्या कोवळ्या उन्हाची जागा तिला सर्वांत मानवते.

पाणी मात्र स्वच्छच हवं. मोरीचं पाणी आयतं मिळतं म्हणून पुष्कळ घरी ती तिथेच लावतात. मला ते पटत नाही. ही वनस्पती मातीतले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषून पानांत साठवते, आणि तीच पानं आपण ओल्या नारळाच्या चटणीत वाटतो. गटाराकाठची किंवा रस्त्याकडेची ब्राह्मी कितीही टवटवीत दिसली तरी घरात आणू नये.

खुडताना पान देठासकट घ्यावं, दोरा ओढू नये. चटणीला कोवळी पानं; माका आणि जास्वंदीबरोबर खोबरेल तेलात कढवायला जून पानं चालतात. खुडत राहिलं की नवी पानं येत राहतात. नुसतीच वाढू दिली तर खालची पिवळी पडतात आणि त्या दमट आडोशाला गोगलगायी बसतात. त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या. मीठ टाकू नये, माती बिघडते.

चैत्र-वैशाखात पानं बारीक होतात, कडा करपतात. खताची घाई करू नये. पातेऱ्याचा पातळ थर आणि संध्याकाळचं शिंपण एवढ्यावर मुळं तग धरतात, आणि मृगाच्या सरींबरोबर पेरं पुन्हा फुटतात. कुणाला ब्राह्मी द्यायची तर तीही तेव्हाच. सुटे दोरे देऊ नयेत. तळहाताएवढा तुकडा मातीसकट कापावा, केळीच्या पानात गुंडाळावा आणि त्याच दिवशी लावायला सांगावं.