धुळीत खोदलेलं शहर

एका घराच्या माथ्यावरून दुसऱ्या घराचा रस्ता जातो, आणि त्याच्या माथ्यावरून तिसऱ्याचा. असं शहर कुठे असेल का? होतं, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी त्याच्या वाटा तुडवल्या होत्या!

साल होतं 1938. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसने पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने चीनकडे निघालं. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं आणि जखमींना डॉक्टर हवे होते. पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. म्हणजे दोघेही काळ्या मातीच्या मुलखातले. मजल दरमजल करत फेब्रुवारी 1939 मध्ये पथक वायव्य चीनमधल्या यानआनला पोहोचलं.

शहर कुठे होतं? तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरावर नोव्हेंबर 1938 पासून जपानी विमानं बॉम्ब टाकत होती. तिथे उरले होते ते ढिगारे. आणि माणसं? ती डोंगराच्या पोटात! समोरच्या पिवळ्या उतारावर एकावर एक पायऱ्या काढलेल्या, प्रत्येक पायरीवर कमानदार तोंडाच्या गुहांची रांग. कमानीत लाकडी जाळी, जाळीवर उजेडापुरता चिकटवलेला पातळ कागद. आत राहती घरं, वर्ग, कचेऱ्या. आपल्या डॉक्टरांनी रुग्ण तपासले ते रुग्णालयही अशाच गुहांमध्ये होतं. शहराचे रस्ते आडवे पसरण्याऐवजी डोंगर चढत गेले होते.

गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेरूळ-अजिंठा येतं. पण तिथे छिन्नीला भिडतो तो काळा कातळ. यानआनच्या डोंगरात कातळ नाही, निव्वळ माती आहे. फावडं-कुदळ घेतली की चार माणसं घर खोदू शकतात. मग ती माती डोक्यावर कोसळत कशी नाही?

खरी गंमत इथेच आहे. हा डोंगर वाऱ्याने आणून टाकलेला आहे! हिवाळी वारे गोबी आणि आसपासच्या वाळवंटांतली बारीक धूळ उचलतात आणि इथे आणून सोडतात. सुमारे 26 लाख वर्षं हे चाललंय. थर साचत साचत 100-200 मीटर जाड झाला, काही ठिकाणी तर त्याहूनही जास्त. महाराष्ट्राच्या दुप्पट मुलूख या धुळीखाली गेला. हिशेब मांडून पाहा: वर्षाला साचली ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. तेवढ्यावर डोंगर उभे राहिले!

या मातीला 'लोएस' म्हणतात. तिचे कण पिठासारखे गुळगुळीत नसतात, कोनदार असतात. ते एकमेकांत अडकून बसतात आणि थोडी चिकणमाती व चुना त्यांना सांध्यांवर धरून ठेवतात. पावसाळ्यात डब्यातली साखर गठ्ठा होते ना, तसंच. गठ्ठा उभा कापला तरी कडा ढासळत नाही. लोएसही तशीच: सरळ उभी कापा, भिंत उभी राहते. वर कमान ठेवली की माथ्यावरचं वजन दोन्ही बाजूंना उतरतं. ना विटा, ना तुळया.

आता आत शिरू. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत मात्र सुसह्य. का? कणांमधल्या फटींत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. दिवसभराचं ऊन हातभर मातीतच जिरतं. वर्षाचे ऋतू आणखी खोल जातात, पण रमतगमत. काही मीटर आत उन्हाळ्याची ऊब पोहोचते तेव्हा बाहेर पानगळ सुरू झालेली असते! उरलेली थंडी घालवायला खाटेऐवजी विटा-मातीचा ओटा असतो. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरून मग बाहेर पडतो. एकाच सरपणात जेवण होतं आणि अंथरूणही गरम होतं.

मग वर्ध्यात असं घर का खोदू नये? तिथला 45 अंशांचा उन्हाळा तरी टळेल! पण मे महिन्यात शेतात जाऊन पाहा, भेगांत हात जातो. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकापासून झालेली ही काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यात कमान टिकायची कशी? म्हणून तर घर बांधताना पाया काळी ओलांडून मुरुमापर्यंत न्यावा लागतो. जुन्या गढ्यांच्या भिंतीही काळीच्या नव्हेत, पांढऱ्या मातीच्या.

अर्थात लोएसचाही एक वैरी आहे. साखरेच्या गठ्ठ्यावर पाणी ओतलं तर काय होतं? जुलै 2013 मध्ये यानआनवर दिवसचे दिवस पाऊस कोसळला आणि अनेक गुहाघरं बसली. हीच माती वाहून नेत पीत नदी पिवळी होते. भूकंपही हिला सोसत नाही. 1556 साली यानआनच्याच प्रांतात झालेल्या भूकंपात सुमारे 8.3 लाख माणसं गेल्याची नोंद आहे, त्यातली कितीतरी अशाच गुहांत राहणारी.

कोटणीस यानआनहून पुढे आघाडीवर गेले, 1941 मध्ये तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या सोलापूरची माती आणि यानआनची माती यांत फरक कितीसा? लोएसचा कण साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या ते विसाव्या भागाएवढा, काळीतला चिकणकण त्याच्याही कित्येक पटींनी बारीक. एवढ्याशा फरकावर ठरतं, की बॉम्ब पडू लागल्यावर अख्खं शहर डोंगरात शिरू शकेल, की साधी भिंत उभी करायलाही मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल!